शेवट चुकलेला सिनेमा

सिनेमा सुटल्यावर बसच्या रांगेत माझ्यापुढे एक भाऊ-बहीण उभे होते.

“ताई, डोकं फिरलं माझं! ह्या दिग्दर्शकाच्या सिनेमात आजवर हिरो शेवटी मालक व्हायचा.”

“ह्यात नाही झाला.”

“अख्खा सिनेमा मर मर राबला आणि शेवटी हमालच? खुर्चीवर कोण, तर मालकाचा जावई!”

“हळू बोल.”

“का हळू? आपल्या देशात घाम गाळला की माणूस वर जातोच. लोकांना काय शिकवतायत हे?”

“गोदामात किती वर्षं झाली रे तुला?”

“अकरा. पण पुढच्या वर्षी सुपरवायझर नक्की. साहेबांनी पाठीवर हात ठेवून सांगितलंय.”

“अरे बाबा, हिरोही बहिणीला हेच सांगत होता. मध्यांतराच्या आधी.”