राख झटकायची नसते

कुणीतरी तोंड उघडलंय, काका. मी नाव घेत नाही, कुणाचंच घेत नाही — पण ज्याने उघडलं त्याची जीभ झडायला हवी. तुम्हीच सांगा, मिऱ्याच्या किनाऱ्यावर वीस-पंचवीस मचवे पावसाळ्यासाठी वर ओढून शाकारून ठेवलेत, सगळ्यांवर माडाचे सारखेच झाप, सारखाच पेंढा — आणि काल सकाळी पोलीस येतात ते इकडे बघत नाहीत, तिकडे बघत नाहीत, सरळ उंडीच्या झाडाखालच्या तुमच्या मचव्याकडे. झाप उचकटतात, पत्रकं छापायचं यंत्र बाहेर काढतात, आणि तुमच्या शिवाला तिथल्या तिथे बेड्या. हे आपोआप होतं का? होत नाही. मीठ उचलायला पुढे, घोषणा द्यायला पुढे, आणि पोटात गोष्ट ठेवायची म्हटली की ह्या देशातल्या माणसाला कळ निघते — मग स्वराज्य काय आभाळातून पडणार आहे?

नाही, बसतो मी. बसायलाच आलोय. येसूकाकू म्हणाल्या, तुम्ही कालपासून पेजेलाही शिवला नाहीत. म्हणून तर हे आणलं. बघा तरी. हॅवाना सिगार आहे, अस्सल, कागदाची कडीसुद्धा तशीच आहे. मुंबईहून एक मित्र आला होता, त्याने दिली. मी असल्या वस्तूंना हात लावत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे, गेल्या महिन्यात एकुलता एक विलायती कोट होळीत टाकला मी — पण क्यूबा म्हणजे काही विलायत नव्हे, आणि माझ्यासाठी थोडीच घेतली? तुमच्यासाठी घेतली. बावीस वर्षं आगबोटीवर पहिल्या वर्गाचे बटलर होतात, असल्या सिगारी साहेबांना तबकातून दिल्यात, स्वतःला कधी अख्खी मिळाली का? नाही मिळाली. ओढा.

आणि काका, ओढता ओढता ऐका. उद्याच्या बोटीने शिवाला ठाण्याला नेणार. मोसमातली शेवटची बोट आहे, म्हणून घाई. तिथे खटला, मग दोन वर्षं सक्तमजुरी. त्याची छाती कशी आहे ते मी तुम्हाला सांगायचं का? गेल्या पावसाळ्यात थुंकीत रक्त पडलं होतं. तुरुंगातलं दळण त्याला झेपणार नाही. आणि सुटायला काय लागतं? दोन ओळी. माफीनामा. मी लिहूनच आणलाय, हा बघा, खाली सही तेवढी हवी. तुम्ही दिवेलागणीच्या आत कच्च्या तुरुंगात जा, बाप म्हणून सांगा, तो तुमचं ऐकेल. माझं ऐकणार नाही. कसं ऐकेल, माफी मागणाऱ्याचं तोंड बघू नये असं भर सभेत मीच बोललो होतो — टाळ्या त्यानेच पहिल्यांदा वाजवल्या. पण ते बोलणं वेगळं, हे वेगळं. तत्त्व जगायला माणूस जगावा लागतो, नाही का?

कानाशी धरलीत. मला वाटलंच, धराल. आम्ही दोघं दहा-बारा वर्षांचे, मचव्याच्या सावलीत बसलेले, आणि तुम्ही बोटीवरनं आणलेला एखादा तुकडा घेऊन शिकवत होतात — दाबून बघा रे, करकरली तर वाळलीय, मऊ लागली तर खाऱ्या हवेने सर्दावलीय. शिवाला कधी गोडी लागली नाही. मला मात्र सगळं पाठ. अडकित्त्याने कापताय? कापा, तुमचा हात बसलेला आहे — साहेबाची ती चांदीची कातर, एवढीशी, पण तिने कड फाटते जराशी, तुमच्यासारखं साफ — म्हणजे, साहेब लोकांकडे असते ना, त्यावरून म्हणतो. ऐकलंय.

हां, अशी. ज्योत लावायची नाही, नुसती ऊब दाखवायची आणि फिरवत राहायचं. आला वास? पेंढ्यातली आंब्याची अढी पहिल्यांदा उघडली की येतो तसा, नाही? मधे गेलात की भाजलेल्या काजूसारखा होईल, किंचित गोड, आणि शेवटचं बोटभर राहिलं की जिभेवर मिरं — असे का बघताय माझ्याकडे? वाचलंय मी. एका पुस्तकात होतं.

नाही. पुस्तकात नव्हतं.

काका, मी तक्रार घेऊन गेलो होतो. खरं सांगतो, दुसरं काही मनात नव्हतं. दारू विकू नका म्हणून गुत्त्यापुढे उभ्या राहिलेल्या आपल्या पोरांना शिपायांनी झोडलं, त्याचा अर्ज घेऊन चार दिवसांपूर्वी पोलिसांच्या त्या नव्या डेप्युटी साहेबाकडे गेलो. आपल्यातलाच आहे, बी.ए. आहे, माझ्याच कॉलेजातला निघाला, सात वर्षं पुढचा. बसा म्हणाला. अर्ज वाचला, अन्याय झालाय म्हणाला — म्हणाला हो, असं. आणि सिगारींची पेटी पुढे केली. देवदारी लाकडाची, झाकण उघडलं तोच खोलीभर वास. मी नको म्हटलं. दोनदा नको म्हटलं. तेव्हा तो हसला आणि म्हणाला, बरोबर आहे, सवय नसेल तर ठसका लागतो. तेवढंच. तेवढंच म्हणाला, आणि मी उचलली.

मला दाखवायचं होतं हो. आम्ही रत्नागिरीचे म्हणजे काही गावंढळ नव्हे. कानाशी धरली, ऊब दाखवली, धूर गिळला नाही, तोंडात फिरवला. राख झटकली नाही — राख झटकायची नसते, ती जितकी लांब टिकेल तितकं पान उंची, हे तुम्ही सांगितलेलं. दोन बोटं लांब राख झाली तरी माझा हात हलला नाही. साहेब बघतच राहिला. आणि चव इतकी — मी खोटं का बोलू, आयुष्यात इतकं सुख मला कशाचं झालं नव्हतं. तो म्हणाला, वा, हे शिक्षण कॉलेजातलं नव्हे, कुठे शिकलात? आणि मला अभिमान वाटला. काका, तुमचा अभिमान वाटला. म्हटलं, आमच्या मित्राचे वडील, धोंडूकाका, उंडीखाली त्यांचा मचवा आहे, त्याच्या सावलीत त्यांनी आम्हाला शिकवलं. तो म्हणाला, अजून जातात का मचव्यावर? म्हटलं, छे, दोन वर्षं शाकारलेलाच आहे, कुणी झाप उचलूनही बघत नाही.

एवढंच बोललो. यंत्राचं अक्षर काढलं नाही. शिवाचं नावसुद्धा घेतलं नाही, मित्र म्हटलं नुसतं. पण तुम्हीच सांगायचात ना — सिगार पेटली की माणूस पाऊण तास उठत नाही, आणि बोटीवरच्या सलूनमधले साहेब लोक त्या पाऊण तासात पोटातलं सगळं बोलून जातात, म्हणून बटलरने कान बंद ठेवायचे. ते मला का आठवलं नाही? राखेचं आठवलं, हे नाही आठवलं. निघताना त्याने अजून एक माझ्या खिशात घातली. म्हणाला, तुमच्या गुरूंना द्या.

हीच ती.

बोला ना, काका. शिवी द्या, थोबाडात द्या, पण हा कागद घ्या आणि जा. मी पाया पडतो. तो दोन वर्षं आत गेला तर मी ह्या गावात कुणाच्या तोंडाकडे बघू — त्याने सही केली म्हणजे तो सुटला, तो सुटला म्हणजे मीही — विझवलीत? अहो, अर्धीसुद्धा झाली नव्हती. सिगार चिरडायची नसते, आपोआप मरू द्यायची असते, असं तुम्हीच तर — करवंटीत अशी दाबून —

ही मालन आली. डबा देऊन आलीस ना भावाला? जेवला? माझ्याबद्दल काही बोलला का?

"सदूदादा, शिवादादाने एवढंच विचारलंन, तुला धरलं नाही ना म्हणून. पोलिसांना त्याने सांगितलंन, मचव्याचं तुला काही ठाऊकच नव्हतं."