सूनबाईंच्या रडारवरचा काळा उतार

...नाही, माझी तक्रार नाही, पण तुम्हीच सांगा, ज्या माणसाने उभा जन्म डोंगरावर बर्फ मोजण्यात घालवला, कमरेइतक्या बर्फात नळी खुपसायची, उपसायची, आतल्या बर्फासकट वजनकाट्याला टांगायची आणि उन्हाळ्यात धरणात पाणी किती उतरणार ते सांगायचं, त्या माणसाला खुद्द त्याच्या सुनेने गरम खोलीत, फिरत्या खुर्चीत बसून सांगावं, 'बाबा, तिथला बर्फ मला इथूनच दिसतो'... कसं वाटेल? बरं, घर एक, ऑफिसही एकच. घरात टीव्हीचा आवाज कमी करा म्हणणारी तीच आणि ऑफिसात माझे आकडे तपासणारी तीच. माणसाने जावं कुठे? म्हणून मी डोंगरावर जायचो, तर तिथेही ही वरून बघतेच.

तिचं रडार उपग्रहात बसलेलं. खाली लहरी सोडतं, परत आलेल्या लहरींचं चित्र काढतं. ढग असोत, अंधार असो, त्याला काही नाही. मी म्हटलं, 'मीही ढगात काम करतो, फक्त माझे पाय गारठतात.' तर शांतपणे म्हणते, 'म्हणूनच सांगतेय, बाबा.' बायकोला सांगायला गेलो तर ती म्हणाली, 'बरोबर आहे तिचं.' काय बरोबर आहे हे तिने विचारलंसुद्धा नव्हतं. माझी तक्रार नाही.

तर काय झालं, थंडी सरत आली होती. मी आणि उंट... उंट म्हणजे माझा जोडीदार हो, दारातून आत येताना आधी मान येते, मग बाकीचा येतो... आम्ही दोघं पायथ्याच्या खोलीत बूट चढवत होतो. मोठ्या उतारावर मोजणीला निघायचं होतं. तेवढ्यात फोन. सूनबाई.

"बाबा, मोठ्या उतारावर जाऊ नका. तो काळा दिसतोय."

मी खिडकीतून पाहिलं. पांढराशुभ्र. तुम्हाला सांगतो, डोळे दिपत होते. म्हटलं, "अगं, चष्मा पूस."

"आज पहाटेचं चित्र आहे, बाबा. कोरड्या बर्फातून लहरी आरपार जातात, खालच्या दगडावर आपटून परत येतात. ओला बर्फ त्या गिळून टाकतो, म्हणून काळं दिसतं. अख्खा उतार पाणी प्यायलाय."

"वरून तर दगडासारखा घट्ट आहे."

"वरची खपली गोठली असेल. आतलं काय?"

मी म्हटलं, हे सगळं सून म्हणून सांगतेस की ऑफिस म्हणून? ती म्हणाली, ऑफिस म्हणून. म्हटलं, ऑफिसचं ऐकून कुणी बर्फ मोजलाय आजवर? तर म्हणते, "बरं. मग सून म्हणून सांगते. जाऊ नका."

आवाज कापरा होता हो तिचा. माझा बंद बांधून झालेला बूट मी सोडला. उंटाला म्हटलं, "चहा टाक, आमच्या सूनबाईंची आज्ञा आहे." आणि मग बसल्या बसल्या जी कुरकुर सुरू केली मी... हे असं खुर्चीतून डोंगर बघणारे, उद्या म्हणतील जेवूसुद्धा नका, पोट भरलेलं वरून दिसतंय... माझी तक्रार नव्हती, पण करत होतो.

दुपारी ऊन चढलं. आधी वाटलं, लांब कुठे ट्रक जातोय. मग खिडकीच्या काचा थरथरल्या. उंट उठून उभा राहिला. मोठा उतार... काय सांगू तुम्हाला... अख्खा उतार जागचा सुटला. रोज ज्या वाटेने आम्ही वर जातो ती वाट, नळी खुपसायची ती जागा, सगळं घेऊन खालच्या दरीत गेला. धुरळा बसला तेव्हा तिथे नुसता ओला काळा खडक.

उंट खाली बसला. म्हणाला, "या वेळेला आपण तिथे असतो." मी कप खाली ठेवला आणि फोन लावला.

"सूनबाई, तो तुझा काळा उतार... खाली आला."

"तुम्ही कुठे आहात? दोघं कुठे आहात?"

"चहा पितोय."

पलीकडे ती रडायला लागली. आणि मी, तिचा सासरा, म्हणालो, "साखर जरा जास्त पडलीय." काय माणूस आहे बघा मी.

संध्याकाळी आम्हाला न्यायला ती स्वतः गाडी घेऊन आली. उंटाने तिला हात जोडले. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हटलं, "पोरी, दोन घरं वाचवलीस आज." डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही ऐकलंत ना, बाबा." इतकंच. एवढं बोलून गाडी सुरू केली.

आणि तुम्हाला सांगतो, काय चालवते हो गाडी... चढाला तिसरा गिअर, उताराला ब्रेकवर उभी, मागून सायकलवाला पुढे गेला. पण मी गप्प. ज्या बाईने जीव वाचवला तिला गिअर टाकायला कोणत्या तोंडाने शिकवायचं? आता उरलेला जन्म तिच्या शेजारी असंच, दार घट्ट धरून, मुकाट बसायचं.