सालोमीबाईंच्या नावावर लावलेलं दार

बसा मंडळी, बसा. दारात उभे आहेत त्यांना आत घ्या, पुढच्यांनी जरा सरकून बसा. आणि एक आधीच सांगून ठेवतो – आज मी गोड बोलणार नाही. ज्यांना गोडच हवं असेल त्यांनी बाहेर चहा ठेवलाय तो पिऊन यावा, साखर भरपूर आहे!

प्रश्न एवढाच. ज्या माणसाची आशा मेली, देवानं आपल्याकडं पाठ फिरवली असं ज्याला वाटतं, त्याच्याकडं जायचं कुणी? त्यानं उठून आपल्याकडं यायचं, की आपण उठून त्याच्याकडं जायचं?

हां, हलल्या माना! 'आपण जायचं, बुवा.' बरोबर. मान हलवायला काय लागतं हो? मी पायांचं विचारतोय. गेल्या वर्षभरात तुमचे पाय अशा कुणाच्या दारात गेले?

आता कशा गप्प बसल्या माना. पेटीवाले, द्या सूर.

*हरवला जो माझा भाऊ । त्याला शोधाया मी जाऊ ।*
*मुखी प्रभूचे हो नाम । पाय मागे का मी ठेवू ॥*

ऐका तर. गोदावरीच्या काठी शेवरी नावाचं गाव. धरणाचं पाणी फुगून गावापर्यंत आलेलं. पलीकडच्या काठाला जायचं तर पुलावरून मोठा वळसा, नाहीतर सिलास तोरणेची होडी. हा सिलास आमच्या ख्रिस्ती मंडळीतला, आमच्याच देवळात येणारा. 'आमच्या' म्हणतो, कारण त्या मंडळीचा चिटणीस मी होतो. ही गोष्ट मी ऐकलेली नाही, मंडळी. मी तिच्यात आहे. आणि चांगल्या बाजूला नाही.

एका लग्नाच्या दिवशी सिलासनं होडीत बारांच्या जागी सव्वीस माणसं घेतली. लोक म्हणाले घे, यानं घेतली. मध्यावर वारा सुटला आणि होडी उलटली. सात माणसं गेली. त्यातली तीन आमच्या मंडळीची, आणि त्या तिघांत एकोणीस वर्षांचा आमोस. सालोमीबाई खरातांचा एकुलता एक.

सालोमीबाई म्हणजे मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं सुईणीचं काम केलेली बाई. शेवरीतली निम्मी लेकरं तिच्या हातावर जगात आली. नवरा आधीच गेलेला. आता मुलगाही गेला.

सिलासला दोन वर्षांची शिक्षा झाली. चूक त्याचीच होती, तोही नाही म्हणाला नाही. शिक्षा भोगून तो परत आला. पहिल्याच रविवारी देवळाबाहेर, जिथं आपण चपला काढतो तिथं येऊन उभा राहिला. धुतलेला सदरा, विंचरलेले केस. आत यायची हिंमत होत नव्हती, आणि निघूनही जाववत नव्हतं.

आमच्या मंडळीचे ज्येष्ठ पंच नथानेल गोर्डे गुरुजी बाहेर गेले. मागोमाग मी. गुरुजी वाईट माणूस नव्हते बरं का! शांत आवाजात, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सिलास, लोकांच्या जखमा अजून ओल्या आहेत. सालोमीबाई पुढंच बसल्यात. त्यांना काय वाटेल? जरा थांब."

सिलासनं विचारलं, "किती थांबू, गुरुजी?"

"आम्ही कळवतो."

तो मान खाली घालून गेला. आम्ही आत आलो आणि गीत म्हणायला लागलो. कोणतं, ते विचारू नका – लाज वाटते सांगायला. देवाचं दार सगळ्यांना उघडं आहे, अशा अर्थाचं होतं.

आणि कळवलं का हो आम्ही? एक वर्ष गेलं. दोन गेली. चार गेली! तो पलीकडच्या काठावर एका बागायतदाराच्या पंपघरापाशी झोपडं बांधून राहिला. मोटार चालू करायची, बंद करायची, एवढंच काम. कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं. आमच्या सभांमध्ये विषय निघाला की कुणीतरी म्हणायचं, सालोमीबाईंना काय वाटेल? झालं, पुढचा विषय. मीच लिहायचो वहीत – 'पुढील सभेत विचार व्हावा.' चार वर्षं तेच वाक्य, मंडळी, माझ्याच अक्षरात! आणि त्या चार वर्षांत सालोमीबाईंना कुणी एकदा तरी विचारलं होतं का, बाई, तुम्हाला खरंच काय वाटतं? एकानंही नाही.

मग आला सुवार्तेचा सप्ताह. वा, काय थाट! मांडव, कर्णा, कमान, सात गावांत फेरी. पत्रकं मीच छापून आणली. वर मोठ्या अक्षरात – 'तुम्ही निराश आहात का? आमच्याकडे आशा आहे.' खाली आमच्या देवळाचा पत्ता आणि वेळ, रविवार सकाळी नऊ. आशेला आम्ही वेळ ठरवून दिली होती! सव्वानऊला निराश होणाऱ्यानं काय करावं, ते छापायचं राहून गेलं.

आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, त्याच महिन्यात नवीन आलेले. त्यांच्या पत्नी, प्रिस्किलाबाई, यांना गावातलं जुनं काही ठाऊक नव्हतं. त्या पत्रकं घेऊन पलीकडच्या गावांना गेल्या आणि वाटेत पंपघरापाशी एक माणूस दिसला म्हणून त्याला एक पत्रक दिलं. बुधवारी बायकांच्या प्रार्थनेत त्यांनीच सांगितलं की त्या माणसानं पत्रक सगळं वाचलं, नीट घडी घातली आणि परत दिलं. म्हणाला, "हा पत्ता मला पाठ आहे, बाई. तिथं मला थांबायला सांगितलंय. अजून कळवलेलं नाही."

प्रिस्किलाबाईंनी विचारलं, कोण हो हा? सगळ्यांच्या नजरा सालोमीबाईंकडं. तेव्हा त्या माउलीनं विचारलं, थांबायला कुणी सांगितलं त्याला? शेजारची म्हणाली, तुमच्यासाठीच हो बाई, पंचांनी.

त्याच संध्याकाळी आमची सभा चाललेली. विषय काय, तर कमानीवर पाहुण्यांचं नाव वर की खाली. सालोमीबाई आत आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. ती बाई आवाज चढवणाऱ्यातली नव्हती. त्या दिवशीही चढवला नाही, म्हणूनच जास्त लागला.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "माझा मुलगा गेला, तुम्ही सगळे माझ्या घरी आलात, जेवण आणलंत. उपकार आहेत. पण माझ्या नावावर तुम्ही एका माणसाला देवाच्या दाराबाहेर ठेवलंत, ते कुणाला विचारून?"

गुरुजी म्हणाले, तुमच्या मनाचा विचार करूनच केलं.

"माझं मन तुम्हाला काय ठाऊक? मला त्याचा राग आहे. आजही आहे. पण चार वर्षं मी समजत होते की तोच आला नाही, तोंड दाखवायला घाबरला. मी वाट बघत होते त्याची, गुरुजी. शिव्या द्यायला का होईना, बघत होते. तुम्हाला त्याच्यासमोर बसायची लाज वाटत होती, आणि ती झाकायला तुम्ही माझा पदर वापरलात."

मग त्या माझ्याकडं वळल्या. "चिटणीस, उद्या माझ्याबरोबर चला. फार वह्या लिहिल्यात, एकदा डोळ्यांनी बघा."

गेलो. अपघातापासून होडी बंदच होती, म्हणून पुलावरून एस.टी.नं, आणि पुढं दोन कोस पायी. सिलास झोपडीबाहेर बसला होता. आम्हाला बघून उठून उभा राहिला. चाळिशीचा माणूस, साठीचा दिसत होता. सालोमीबाई एका दगडावर बसल्या आणि इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाल्या, "आमोसचं शेवटी काय झालं, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

त्यानं सांगितलं. आमोसला पोहता येत नव्हतं. होडी उलटली तेव्हा त्याच्या हाती सिलासचा हात लागला. दोघंही खाली जायला लागले. सिलास म्हणाला, "मी हात सोडवून घेतला, मावशी. त्यानं सोडला नव्हता. मी सोडवला. कोर्टात हे कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. त्या रविवारी मी हेच सांगायला आलो होतो."

मंडळी, मला वाटलं, संपलं. कुठली आई हे ऐकून घेईल? सालोमीबाई उठल्या आणि चालायला लागल्या. फाट्यावर एस.टी.ची वाट बघत दगडी कट्ट्यावर बसल्या. एक गाडी आली, गेली. त्या हलल्या नाहीत. रडत नव्हत्या, नुसतं आपल्या हातांकडं बघत होत्या. दुसरी गाडी दिसली तेव्हा मला म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी सकाळची गाडी कितीला असते?"

मी विचारलं, पुन्हा यायचं?

त्या म्हणाल्या, "आता त्याला एकटं सोडलं तर मीही हात सोडवूनच घेतला की."

जात राहिल्या. दर मंगळवारी. पहिले दोन मंगळवार दोघं नुसतेच समोरासमोर बसून होते, असं मला नंतर सिलासनंच सांगितलं. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी भाकरी आणि ठेचा नेला. चौथ्याला त्या त्याच्यावर एवढ्या चिडल्या की तासभर बोलत राहिल्या, आमोसच्या जन्मापासून सगळं, आणि तो ऐकत राहिला. आणि एका मंगळवारी त्यानंही आपलं सांगितलं. या चार वर्षांत तो तीनदा पाण्यात उतरला होता, परत न येण्यासाठी. पट्टीचा पोहणारा, अंग बुडू देत नव्हतं. आणि दर रविवारी आमच्या देवळाची घंटा पाण्यावरून त्याला ऐकू जायची! नऊ वाजता, ठरलेल्या वेळी! आम्ही घंटा वाजवत होतो आणि पलीकडं माणूस मरणाशी झुंजत होता, कशावर? 'आम्ही कळवतो' या दोन शब्दांवर! सांगा मला, सात माणसं बुडवल्याची शिक्षा त्यानं भोगली. आठवा माणूस आम्ही बुडवत होतो, त्याची शिक्षा कोण भोगणार? कुठल्या कोर्टात? आहे एक कोर्ट. ठाऊक आहे तुम्हाला.

त्या मंगळवारी सिलासनं विचारलं होतं, "मावशी, देव तरी मला घेईल का?"

सालोमीबाई म्हणाल्या, "मला तुला माफ करणं अजून जमलेलं नाही. रोज मागते, रोज थोडं जमतं, रात्री पुन्हा उसवतं. पण मी देव नाही. त्यानं घ्यायचं की नाही हे माझ्या हातात नाही, आणि गोर्डे गुरुजींच्याही नाही. मी पापी आहे म्हणून आलेल्याला त्यानं कधी परत पाठवलेलं मी तरी ऐकलं नाही. रविवारी चल. मी न्यायला येते."

आणि आणलं, मंडळी! अंधारात निघून, पहिल्या गाडीनं जाऊन, त्याला बरोबर घेऊन आली ती बासष्ट वर्षांची बाई. देवळात शिरली ती त्याच्या पुढं, म्हणजे कुणाला काही बोलायचं असेल तर आधी तिला बोलावं लागेल. दोन घरं उठून गेली. गेली ती गेलीच, अजून आलेली नाहीत. त्यांच्याही घरची माणसं बुडाली होती, त्यांना मी नावं ठेवत नाही. सिलास शेवटच्या बाकावर भिंतीला चिकटून बसला, सालोमीबाई त्याच्या पुढच्याच बाकावर. मग गोर्डे गुरुजी आपल्या पुढच्या जागेवरून उठले. मला वाटलं हेही चालले. ते चालत मागं गेले आणि सिलासच्या शेजारी बसले. बोलायला तोंड तरी कुठं होतं आम्हाला!

त्या दिवशी प्रभुभोजन होतं, प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी एका ताटातली भाकरी खायची. भाकरीचं ताट शेवटच्या बाकापर्यंत आलं. सिलासनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. ताट त्याच्यासमोर थांबलं, तो हात काढेना. हळूच म्हणाला, "या हातानं नको."

सालोमीबाईंनी मागं वळून ताटातला एक तुकडा उचलला. दुसऱ्या हातानं त्याचा उजवा हात ओढून बाहेर काढला, तोच हात, आणि तुकडा त्याच्या तळव्यावर ठेवला. "खा," एवढंच म्हणाल्या. आणि तो खाईपर्यंत त्यांनी तो हात सोडला नाही.

आज सिलास शेवरीतच राहतो. उन्हाळ्यात गावातल्या लेकरांना पोहायला शिकवतो, सगळ्या जातिधर्मांच्या. सालोमीबाई काठावर बसून असतात. परवा मी विचारलं, बाई, आता माफ झालं का? म्हणाल्या, बुधवारी-गुरुवारी होतं. बाकीचे दिवस प्रार्थना करावी लागते.

आता तुमच्याकडं वळतो, मंडळी. पेटी बंद करा.

त्या बाईकडं आपल्यापेक्षा जास्त काय होतं? मन मोठं होतं म्हणाल. खोटं! मन तिचं फाटलेलंच होतं. तिनं मन शिवून होण्याची वाट बघितली नाही, एवढंच. आपण मात्र मोकळ्या मनाची, भरल्या पोटाची माणसं, वाट बघतोय. कसली? सभेची? सप्ताहाची? आपल्याला आशा फुकट मिळाली, ती आपण पेटीत घालून वर बसलोय, आणि वर तोंड करून विचारतो, लोक देवळात का येत नाहीत!

तुमच्या गल्लीत कोण आहे, मी विचारत नाही. तुम्हाला ठाऊक आहे. दारूत बुडालेला भाऊ असेल. पळून जाऊन परत आलेली मुलगी असेल. तुरुंगातून सुटलेला असेल, पोरगं गेल्यावर देवाला शिव्या देणारी कुणी आई असेल. तिच्या शिव्यांना भिऊ नका, जो शिव्या देतो तो अजून देवाशी बोलतोय! आणि कुणाच्या नावावर तुम्ही त्यांना बाहेर ठेवलंय? 'आईला काय वाटेल', 'समाज काय म्हणेल', 'पंच बघतील' – ही नावं खोडा. खाली आपलं स्वतःचं नाव लिहा आणि वाचून बघा कसं दिसतं ते.

रीतीप्रमाणं आता मी जयजयकार करायचा, आशीर्वाद द्यायचा, आणि तुम्ही हात जोडून घरी जायचं. आज तसं नाही. आशीर्वाद मी राखून ठेवलाय. आज घरी जाताना नेहमीच्या वाटेनं जाऊ नका, त्या माणसाच्या दारावरून जा. दार वाजवा. बोलायला सुचलं नाही तर नुसते बसा, दोन मंगळवार बसा. आणि पुढच्या रविवारी त्याला बरोबर घेऊन या. तो आला, की मग आपण सगळे मिळून उभे राहू आणि आशीर्वाद घेऊ.

चला, उठा. उशीर आधीच खूप झालाय.