साहेबांसाठी चकाचक हौद

आमच्या दाजीएवढा टापटीप माणूस साऱ्या सेनगाव तालुक्यात न्हाई. मळणीनंतर उरलेलं कुटार जाळू नका, त्याचं गांडूळ खत करा, अशी योजना आली तवा दाजीनं हौद बांधला, सोयाबीनचं कुटार अन् शेण भरून गांडुळं सोडली. एक दिवस कृषी खात्याचे साहेब तपासायला आले. नाकाला रुमाल लावून त्यांनी खत उकरलं.

"काय हो, एकही गांडूळ हलत नाही?"

"तुमाला वासाची तकलीफ नको म्हणून सकाळीच फिनाइल वतलं, साहेब."

मला वाटलं, आता दाजीची खैर न्हाई. साहेबानं रुमाल काढला, वास घेतला अन् वहीत लिहिलं, 'स्वच्छता उत्तम.'

दाजीला आदर्श शेतकऱ्याचा फेटा बांधला, तवा साऱ्या गावानं टाळ्या वाजवल्या, म्याबी वाजवल्या. गप पडून होती ती फकस्त हौदातली गांडुळं.