सोमाची लीद

हसाल, पण आमची घोडी लिदीमुळे वाचली.

हे गेल्यावर चाऱ्याचा खर्च झेपेना, म्हणून मी ती विकायला काढली. साखरशेतचा सोमा म्हणाला, "बाई, विकू नका. गवत मी आणतो, लीद मला राबाला द्या." भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायला त्याला लीद लागतेच.

एका सकाळी तो रिकामी पाटी घेऊन भांडायलाच आला. "माझी लीद कोणाला दिली?"

"कोणालाच नाही रे!"

"म्हणजे पडलीच नाही? बाई, डॉक्टरला बोलवा!"

घोडीचं पोट अडलं होतं. वेळेवर औषध मिळालं.

दुसऱ्या दिवशी सोमा तबेल्यातून ओरडला, "बाई, पडली!"

हे गेल्यापासून पहिल्यांदाच मी देवापुढे साखर ठेवली.