पोरीची हलगी

आमच्या घरात पोरींनी हलगीला हात लावायचा नाही. का, ते विचारायचंही नाही. म्हणून जत्रेच्या गाण्याला मी कॉम्प्युटरला जोडलेल्या मिडी कीबोर्डवर हलगी वाजवली. अप्पा आणि काकांना ऐकवायला बसले, तर स्क्रीनवर ठोके सरकतायत, आवाज मात्र शून्य!

काका म्हणाले, "बाईचा हात लागला की असंच हुतंय."

शोधलं तर ज्यातून कीबोर्डला हलगीचे आवाज मिळतात तो पेनड्राइव्ह काकांच्याच गाडीत, भजनं भरून ऐकायला नेलेला! तो आणून लावला, तशी खोली दणाणली.

"लई भारी!" काका म्हणाले. "पण वाजवणारा म्हणून नाव माझं टाक. पोरीनं वाजवली म्हटलं तर लोक हसतील की."

मी हबकलेच. अप्पा चक्क मान डोलवत होते!

"मग हलगीच नाही," म्हणत मी गाण्यातला हलगीचा ट्रॅक पुसला.