झिपरीची शिट्टी

हॅलो?… हो, हेतलच. हळू बोलतेय, बाबा नाइट शिफ्ट करून आत्ताच झोपलेत… हो, पाहिला तुझ्या नाटकाच्या तालमीचा व्हिडिओ. परत परत पाहिला.

छान आहे.

अगं, छानच म्हटलं ना!… नाही, चिडले नाही… बरं, चिडलेय. ही झिपरी कोण आहे, स्नेहा?… हो, हो, कळलं गं, नाटकातल्या मुलीची मनातली मैत्रीण, दुसऱ्या कुणाला दिसत नाही. पण दप्तरात ताडगोळे कोंबून आणते आणि भूगोलाचं पुस्तक भिजवते… ते कुणी केलं होतं? आणि नाक्यावर दोन बोटं तोंडात घालून, शिट्टी मारून कंपनीची बस थांबवणारी? ती मी होते ना! तू बोईसर सोडून तारापूरच्या कॉलनीत गेलीस, म्हणून मी काय लगेच काल्पनिक झाले?

हसू नकोस… आणि माझं काम कोण करतंय? रिद्धी! तुझी नवी शेजारीण… असेल गोड. मी कधी गोड होते?… फ्रॉकला लेस लावलीय तिच्या. झिपरीला लेस!

अगं ऐक ना, मला का नाही विचारलंस?… दुसरी शाळा, ठीक. आणि?… मी स्टेजला घाबरते? ती सातवीतली हेतल! आता आमच्या गॅदरिंगला माइक माझ्याच हातात असतो. सर मागतात तरी सोडत नाही.

काय?… शिट्टी येत नाही तिला? नुसता थुंकीचा फवारा?… हसत नाहीये, खोकला आला. अरेरे, बिचारी… मग?… मी वाजवू? विंगेतून?… म्हणजे ती पुढे तोंडात बोटं घालून उभी आणि मी पडद्यामागे? कुणाला दिसणारच नाही?

नाय. नाय म्हणजे नाय.

…रडतेस काय? स्नेहे… काय म्हणालीस? परत बोल… तिथे माझ्यासारखं कुणीच नाही? म्हणून लिहिलंस?… रिद्धी पण नाही?… नक्की?

हं.

बरं, येते शनिवारी तुझ्या प्रयोगाला. पण विंगेत नाही. बरोबर मधल्या रांगेत बसणार, उभी राहणार आणि तिथूनच मारणार. वळून बघू देत सगळ्यांना. रिद्धीलाही.

शिट्टी येते का म्हणजे? अजून तशीच येते! खोटं वाटतं? थांब, फोन कानापासून लांब धर…

ऐकलीस?… हॅलो?… अगं, बाबा उठले! ठेवते, ठेवते!